तेलातला कण

धुळ्याच्या बसस्टँडवर पाणपोईच्या बाईने विचारलं, "अजून घालू का?" आणि मी म्हणाले, "पुरे." एवढंच झालं. चैत्रातली दुपार होती, जळगावची गाडी लागायची होती, ओंजळ ओठांशी होती आणि मनगटावरून निघालेला ओघळ कोपरापर्यंत जाऊन थांबला होता. पुरे म्हणून मी तिथेच उभी राहिले. मागून एक म्हातारा म्हणाला, "सरक ना माय, आमले बी पानी पेवानं शे." मी सरकले आणि खांबाला टेकले. दोन ओंजळी पाणी पोटात गेलं होतं आणि आत कुठेतरी कोणीतरी म्हणालं होतं, आता बस. मी तोंडाने ते फक्त पुढे कळवलं होतं. चौतीस वर्षं मी हे करत आले, आणि आत बसून हे कोण सांगतं असं बरीच वर्षं मनातही आलं नव्हतं. आता मला ते ठाऊक आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मोहरीहून लहान, तपकिरी, काचेच्या तळाशी बसलेलं. माझ्या आईच्या डोक्यातून ते नाहीसं झालं होतं आणि साडेचार वर्षं मी ते तिला सुईने देत होते. गेल्या कार्तिकात ती गेली. भरदुपारी, मेथी निवडता निवडता, हृदय बंद पडून. या आजाराचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. ते धीर देत होते. मला धीर नको होता. त्या कणाविषयी कोणीतरी बोलायला हवं होतं.

आईला आम्ही बाई म्हणायचो, मारवाड्यांच्या पुष्कळ घरांत म्हणतात तसं. नाव जतनबाई. बाबूजींचं, फुलचंदांचं, जळगावात कापडाचं दुकान. लग्नानंतर दोन वर्षांतच मी विधवा होऊन माहेरी परत आले, पुढे शिकले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले आणि हाती येईल ते वाचू लागले. बाई वाचत नसे. तिला वाचता यायचं, पण ती म्हणे, "तू वाच, मी पाणी गाळते." आमच्या जैन घरात पाणी गाळणं हे काम नव्हतं, तो धर्म होता. घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं, धार बारीक, घाई नाही. मग ते फडकं उलटं करून, वरून थोडं पाणी सोडून, त्यात अडकलेले जीव ज्या विहिरीतून आले त्याच विहिरीत परत. तेल, तूप, औषधी काढा, सगळं आधी निवू द्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ तेवढं हलक्या हाताने काढून घ्यायचं. हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. चालायला शिकवल्याचं आठवत नाही, तसंच. आणि दुसरं म्हणजे चौविहार. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही, ते सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत. बाईने हे व्रत सोळाव्या वर्षी घेतलं. बाळंतपणांत पाळलं, खानदेशच्या वैशाखात पाळलं. त्याविषयी ती कधी बोलत नसे. पण संध्याकाळी शेवटचं भांडं पालथं घालताना तिच्या मानेला जो किंचित ताठपणा येई, तो मी लहानपणापासून पाहिलेला आहे. तो बाईचा एकुलता एक दागिना होता, असं मला आता वाटतं.

सहासष्ट साली माघात सावद्याला एका लग्नाहून परतताना टांगा उलटला. बाईचं डोकं मैलाच्या दगडावर आपटलं. टाके पडले, पंधरा दिवसांत जखम भरली, आणि जखम भरल्यावर तहान सुरू झाली. त्या तहानेला तहान म्हणणंही बरोबर नाही. तहान लागते आणि भागते. ही भागत नव्हती. भांड्यामागून भांडं, कळशीमागून कळशी, आणि प्यालेलं सगळं तासाभरात पाण्यासारखंच बाहेर. पाणी तिच्यात राहतच नव्हतं, तिच्यातून जात होतं. दिवसाला अठरा-वीस शेर. विहिरीवरून पाणी भरणारा झुलाल अंगणात बसून कपाळाचा घाम पुसत मला म्हणाला, "अक्का, बठ्ठं पानी सरी गयं. आते गिरणाच आननी पडी घरमा." आणि आता गिरणा नदीच घरात आणावी लागणार म्हणून स्वतःच हसला. बाईही हसली, तांब्या तोंडाशी असतानाच. पण संध्याकाळ झाली की ती हसत नसे. पहिल्या दिवशी तिने व्रत पाळलं आणि पहाटे ती न्हाणीघरात पडलेली सापडली, जीभ टाळूला चिकटलेली, डोळे खोल गेलेले. वैद्यांनी पाणी पाजलं. अठ्ठावीस वर्षांनी चौविहार मोडला, तोही शुद्ध नसताना. त्यानंतर ती रोज अंधार पडल्यावर प्यायची, पण उभ्याने, भिंतीकडे तोंड करून, गटगट आवाज होऊ नये म्हणून तोंडातल्या तोंडात पाणी अडवत. मी एकदा दारातून पाहिलं आणि मागच्या पावली परत गेले. चोरी करताना आईला पाहावं, तसं वाटलं. माझी थोरली काकू, सज्जनकाकू, शेजारच्याच घरात राहायची. ती बोलून दाखवायची. "जतन, अगं जीभ आहे की तापीचं वाळवंट? मनाला गाठ मार. तहान काय, धरली की राहते." बाई म्हणायची, "धरते हो, जिजी. हातात राहत नाही."

धुळ्याला एका डॉक्टरांनी ओळखलं. त्यांनी तिला वॉर्डात ठेवलं, सकाळपासून पाणी बंद केलं आणि तासातासाने वजन केलं, लघवी मोजली. पाणी बंद असूनही लघवी तेवढीच, तशीच निवळ. सहा तासांत बाईचं वजन दोन शेरांनी घटलं. ओठांना भेगा पडल्या. ती मात्र निवांत पडून होती, कारण हे तहानलेलं राहणं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, त्यात तिला लाज नव्हती. मग सिस्टर जमीला आली. चाळिशीची, काटकुळी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. माहेर जळगावचं, भाऊ अय्युब तिथे सायकली दुरुस्त करायचा. तिने इंजेक्शन दिलं आणि म्हणाली, "अक्का, आता जरा वेळ पाणी प्यायचं ते मला विचारून. नाहीतर बुडाल आतल्या आत." तीन तासांनी बाईच्या हातात तांब्या होता आणि तिने तो नुसता धरलेला होता. ती त्याच्याकडे पाहत होती. अनोळखी वस्तू कोणी हातात दिली आणि ती कशासाठी असते हे आठवत नसावं, तशी. "कुसुम," ती म्हणाली, "मला प्यायचं नाही." तेवढं बोलून ती रडू लागली. खिडकीबाहेर सूर्य अजून हातभर वर होता. तिने मला तांब्या दिला, चूळ भरली, हात जोडले आणि तीन महिन्यांनी पुन्हा चौविहाराचा नियम घेतला. मी शेजारी उभी होते. मी देवळात कधी अशी उभी राहिलेली नाही. एक सुई. एवढ्याशा तेलाने एक नदी थांबली होती.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला इंग्रजी कागद होता. घरात इंग्रजी मला एकटीलाच येत होतं. मी तो वॉर्डाच्या व्हरांड्यात वाचला. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्या मागच्या भागातून शरीराला पाणी धरून ठेवायचा हुकूम सुटतो. हे औषध म्हणजे तोच हुकूम, बैलांच्या ग्रंथीतून काढलेला. कत्तलखान्यात जमवलेल्या ग्रंथी. कागदाची चौघडी करून मी तो ब्लाउजमध्ये ठेवला. जमीलाने पाहिलं. ती काही वेळ सुया पुसत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. माझ्या हातून औषध घेतात त्या." मी म्हटलं, "त्या विचारणार नाहीत." त्या बाजूने मी निश्चिंत होते. औषधाला कूळ विचारायचं नसतं असं बाई नेहमी म्हणायची, पण ते जडीबुटीच्या बाबतीत.

घरी परतण्याआधी जमीलाने मला सगळं शिकवलं. सिरिंज उकळायची आणि पूर्ण कोरडी करायची, तेलात पाण्याचा थेंब चालत नाही. सुई जाड, खोल स्नायूत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नंतर चोळायचं. चेहरा पांढरा पडला, पोटात कळ आली तर घाबरायचं नाही. डोकं दुखून झोपाळल्यासारखं झालं तर मात्र पाणी बंद करून धावत यायचं. किती प्यालं, किती गेलं, रोज वहीत. आणि तहान परत आल्याशिवाय पुढची सुई नाही. "तहानेला शिव्या नका देऊ, ताई. ती येऊन सांगते म्हणून आपल्याला कळतं." रिकाम्या कुप्या डब्यात जपून ठेवायला तिने सांगितलं होतं, ती दर पंधरवड्याला जळगावला येऊन पाहणार होती. "कुपी आधी हातात धरून तापवा, नीट हलवा," हेही सांगितलं होतं. वॉर्डात ती स्वतः बोलता बोलता कुपी हलवायची, एकीकडे पेशंटची चेष्टा, एकीकडे मुठीत कुपी. मला ती हाताची सवय वाटली. बांगड्या मागे सारतात, तशी.

घरी पहिली कुपी मी उजेडात धरली. वर तेल, पिवळसर, निवळ. तळाच्या कोपऱ्यात एक तपकिरी ठिपका. मी कुपी दोनदा हळूच कलती केली. ठिपका हलला नाही. गाळ आहे, मला वाटलं. वाटलं असंही म्हणता येत नाही, कारण त्यात विचार नव्हता. हाताने ओळखलं. इतक्या लांबून, बोटीने आलेलं तेल, तळाशी काहीतरी बसणारच. मी कुपीची मान मोडली आणि सुई तेलात वरच्यावर ठेवून, ठिपक्याला धक्का लागू न देता, वरचं सगळं निवळ तेल काढून घेतलं. किती काळजीने काढलं. आईच्या अंगात घाण जाऊ नये म्हणून श्वास रोखून काढलं. नऊ दिवसांत अशा चार कुप्या. आता जळगावची बस पारोळ्याच्या पुढे आली आहे, बाहेर कापूस वेचून झालेली उघडी शेतं, आणि माझे हात मांडीवर आपोआप तसे धरले गेले आहेत, एक कुपीवर, एक सिरिंजवर. मी पाहिलं आणि ते सोडवले.

वहीत सगळं ठीक दिसत होतं. दिवसा बाई जरा जास्त प्यायची, पण उन्हाळा होता. रात्रीचा आकडा ती सकाळी स्वतः सांगायची, "भांडं मीच धुऊन टाकलं, अर्धाच शेर होतं बघ," आणि मी लिहायची. ती मला खोटं सांगत होती आणि मी तिच्यापासून कागद लपवत होते, आणि दोघी एकमेकींची फार काळजी घेत होतो. तहान तिसऱ्याच दिवशी संपूर्ण परत आली होती. पण नियम पुन्हा घेतलेला. एकदा शुद्ध नसताना मोडला, आता शुद्धीत मोडायचा नव्हता. ती रात्रभर कोरडी राहत होती आणि अंगातलं पाणी जात होतं. नवव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, ती मला "जिजी" म्हणाली आणि भिंतीवर हात फिरवत दार शोधू लागली. नेमकी त्याच दिवशी जमीला आली. तिने दारातूनच बाईकडे पाहिलं, चपला न काढता आत आली, बाईच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "किती दिवस हे? पाणी आणा. थोडं थोडं, चमच्याने. अक्का, रात्री काय करता तुम्ही? माझ्याकडे बघा. रात्री पिता की नाही?" बाईने मान वळवली. "शाबास! मला वाटलं मी नर्स, तुम्ही पेशंट. तुम्ही तर दोन्ही."

दोन तास ती चमच्याने पाजत बसली. बाईच्या नजरेत ओळख आली तेव्हा तिने मला डबा आणायला सांगितला. तिने चारही कुप्या एकेक करून खिडकीशी धरल्या. मग चौथी माझ्या हातात दिली. "ताई, हे काय आहे?"

"गाळ."

"हे औषध आहे." तिचा आवाज चढला नाही. "बाकी नुसतं तेल. शेंगदाण्याचं. चार वेळा आईला शेंगदाण्याचं तेल टोचलंत तुम्ही."

खिडकीतून ऊन येत होतं आणि काचेच्या टोकाशी तो कण होता. हे आहे. वीस शेर पाणी अडवणारं ते हे. मेंदूच्या अंधारात बसून जन्मभर पुरे म्हणणारं. मला लाज वाटायला हवी होती, भीती वाटायला हवी होती. त्या क्षणी दोन्ही नव्हतं. मी इतकं लहान आणि इतकं मोठं काही कधी हातात धरलेलं नव्हतं. जमीलाने नवी कुपी घेतली, दोन्ही तळव्यांत धरून बसली, मग मनगटापासून हलवू लागली. इतक्या जोराने की खाट करकरली. हळूहळू ठिपक्यातून एक धूर सुटला, तपकिरी, आणि सगळ्या तेलात पसरला. निवळ ते गढूळ झालं. गढूळ होणं एवढं सुंदर असू शकतं, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

"दाखव," खाटेवरून बाई म्हणाली. तिला उठता येत नव्हतं. मी एक जुनी कुपी तिच्या डोळ्यांशी नेली. तिने बराच वेळ पाहिलं. "गाळ म्हणून ठेवलंस?" मी मान हलवली. "गाळात जीव असतो, कुसुम. एवढं तरी शिकवलं होतं मी." आणि मग, कुपीवरून नजर न काढता, "कोणाचा आहे?"

जमीला उठून खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. ती खोटं बोलणार नव्हती आणि माझ्या आधीही बोलणार नव्हती. मला सुटकेला तीन-चार वाक्यं सुचली. वाचणाऱ्या माणसाला ती सुचतात. तहानेने उतरलेला चेहरा उशीवर होता, ओठांच्या भेगांत पाणी चमकत होतं. ही नाही म्हणाली तर महिनाभरसुद्धा जगणार नाही, आणि ही नाही म्हणेल, हे मला दिसत होतं. जिने मुंगी मरू नये म्हणून सारवलेल्या जमिनीवर बसताना आयुष्यभर आधी हात फिरवला, ती. मी म्हणाले, "बैलाचा. त्याच्या डोक्यातून काढतात." मग कागदातलं सगळं सांगितलं. कत्तलखाना हा शब्दही गाळला नाही. आणि वॉर्डातच कळलं होतं, हेही.

बाईने भिंतीकडे कूस केली. जमीलाने तयार केलेली कुपी तशीच कपड्यात गुंडाळून ठेवली. आम्ही दोघी जमिनीवर बसून राहिलो. चमच्याने दिलेलं पाणी बाई पीत होती आणि तासाभराने ते जात होतं आणि मी मोजून वहीत लिहीत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. तिच्या पाठीचे मणके पातळातून दिसत होते. तिला विचारावं, पाया पडावं, बाबूजींना दुकानातून बोलवावं, असं एकेक मनात येऊन गेलं. मी ते केलं नाही. त्या पाठीत चाललेलं काम माझ्यापेक्षा फार मोठं होतं. ऊन भिंतीवर चढत गेलं, लाल झालं, सुटलं. सज्जनकाकू नेहमीप्रमाणे आली, जमीलाला पाहून उंबऱ्यावरच थांबली. "जतन, सूर्य गेला ग. नियम घे. आजारी माणसाने तर आधी घ्यावा."

बाई वळली. मला म्हणाली, "बसव." मी पाठीमागे तक्क्या लावला. "पाणी दे. भांडं भरून."

"अगं, सूर्य गेला म्हणतेय मी," काकू म्हणाली.

"ऐकलं, जिजी." बाईने भांडं दोन्ही हातांत घेतलं आणि काकूकडे तोंड करून प्याली. घोटाघोटाचा आवाज खोलीत ऐकू येत होता. प्यायल्यावर ओठ पुसले. "आजपासून चौविहार सुटला माझा. तहान धरायची त्या मुक्या जनावराने आणि पुण्य घ्यायचं मी? मला नाही जमायचं ते."

"म्हणजे काय? कुठलं जनावर?"

"कुसुम सांगेल. तिला येतं वाचता." मग जमीलाकडे पाहिलं. "तू आण ग ती सुई. मला जगायचं आहे. तोंड वर करून सांगते. दोष लागेल तो लागेल, मी त्याला झाकणार नाही." काकू पदर सावरत निघून गेली. बाईने कपड्यातून कुपी काढून घेतली. ती गार झाली होती. मिटलेल्या मुठीत धरून तिने मूठ कपाळाला लावली, आणि संवत्सरीला वर्षाची क्षमा मागतात ते शब्द पुटपुटली. वर्षातून एकदा आम्ही सगळ्या जीवांची एकदम क्षमा मागतो. कोणा एकाची अशी मागताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर साडेचार वर्षं तिने ती दर सुईला मागितली. "त्या चार कुप्या," ती मला म्हणाली, "उद्या उजाडल्यावर गावाबाहेर ने. कोणाचा पाय पडणार नाही अशी माती बघ. उकरून ठेव त्यात. फेकू नकोस."

मग तिने कुपी मला दिली. जमीलाला नाही, मला. मी हलवू लागले. दंड भरून आले तरी हलवत राहिले; जमीला म्हणाली, "झालं, ताई," तरी हलवत राहिले. सुई मीच दिली, डावीकडे, खोल. बाईने दात आवळले. मग आम्ही दिवा मोठा केला आणि वाट पाहत बसलो. ती पीत होती, मी लिहीत होते. एक भांडं, आणखी एक. बाहेर झुलाल ओसरीवर बसून विडी ओढत होता, कोणी न सांगता थांबला होता. दहा वाजून गेले असतील. बाईने तोंडाशी नेलेलं भांडं मध्येच थांबवलं आणि कान दिल्यासारखी मान कलती केली. चेहऱ्यावरची एकेक शीर सैल होत गेली. मी श्वास धरून पाहत होते.

"आला," ती म्हणाली आणि भरलेलं भांडं न पिता खाली ठेवलं.

कोण, हे मी विचारलं नाही. मी नकळत उठून उभी राहिले होते.